‘गोळी घ्या’ म्हणजे नेमकं काय करायचं? एका इंग्रजी–ख्मेर शब्दसूचीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी पुण्यात बसून भाषांतराच्या कामांचं समन्वयन करते. म्हणजे मजकूर इंग्रजीत येतो, तो पाच-सहा भाषांत जातो, आणि त्यातल्या निम्म्या भाषा मला वाचताही येत नाहीत. ख्मेर, म्हणजे कंबोडियाची भाषा, ही त्यातलीच एक. इथे मांडलेलं काम कंबोडियातल्या गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांसाठी होतं: क्षयरोगावरची चित्रांसहित चोवीस कार्डं. स्वयंसेवकानं ती रुग्णाला आणि घरच्यांना दाखवत वाचायची. संस्था, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.

टीबीचा सर्वाधिक भार असलेल्या ३० देशांची जी यादी जागतिक आरोग्य संघटना ठेवते, तीत कंबोडिया २०२० पर्यंत होता. २०२१ मध्ये तो यादीबाहेर गेला, पण लक्ष ठेवायच्या देशांत राहिला. उपचार आपल्याकडच्यासारखेच. साध्या टीबीला सहा महिने गोळ्या, आणि मध्येच सोडल्या तर औषधाला न जुमानणारा टीबी होण्याची भीती. म्हणूनच कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गोळी गिळायची पद्धत. आपल्याकडे ‘डॉट्स’ म्हणून ती खेड्यापाड्यात माहीत आहे.

मंडळी तिघं. भाषांतरकार कंबोडियातल्या बात्तम्बांगचा, पंचविशीतला, चटपटीत. तपासनीस ताकेओ प्रांतातल्या एका गावात राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. तो त्यांना ‘बोंग’ म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. ‘बोंग’ म्हणजे वयानं मोठं भावंड. ताई आणि दादा दोन्ही त्यातच आले. तिसरी मी.

सोबत ग्राहकानं चाळीस इंग्रजी शब्दांची सूची दिली होती. प्रत्येक शब्दापुढे एकच ख्मेर शब्द. ती आमच्या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली, की भाषांतरकारानं सूचीबाहेरचा शब्द वापरल्यावर ओळ लाल होते. सूचीत ‘टेक’ होता. त्याच्यापुढे ‘यॉक’.

अडचण

आधी माझ्याच चुकीचं मूळ सांगते. ख्मेर आपल्याला अर्धीमुर्धी ओळखीची वाटते. आरोग्य केंद्राला ते ‘मोंदॉल सोखाफीप’ म्हणतात; लिहिताना अक्षरं पाहिली तर मंडल आणि सुखभाव. फोटो काढणं म्हणजे ‘थॉत रूप’, त्यात आपलं रूप. रोग आहे, औषधाला ‘ओसॉत’ आहे, गुरूचा ‘क्रू’ आहे. संस्कृत-पालीतून गेलेले हे शब्द पाहून मराठी माणसाला उगीच घरचं वाटतं. पण हे सगळे कचेरीचे, देवळाचे, शाळेचे शब्द. उठणं-बसणं, घेणं-देणं, खाणं-गिळणं ही क्रियापदं ख्मेरची स्वतःची, आणि तिथे आपली ओळख शून्य.

सातव्या कार्डावर इंग्रजी वाक्य होतं. त्याचा मराठीत अर्थ: ‘पहिले दोन महिने रोज सकाळी आरोग्य केंद्रात औषध घ्या.’ भाषांतरकारानं सूचीप्रमाणे ‘यॉक थ्नाम’ लिहिलं. ‘थ्नाम’ म्हणजे औषध. (तंबाखू, रंग आणि पिकावर मारायचं औषध यांनाही तोच शब्द लागतो, आपला शेतकरीही कपाशीवर ‘औषध’च मारतो, तेव्हा हसायचं कारण नाही.) ओळ हिरवी. मी खात्री म्हणून ते ख्मेर वाक्य यंत्राकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतलं. ‘टेक मेडिसिन’ असंच परत आलं. मी खूण केली आणि पुढे गेले.

बोंगांचा शेरा तिसऱ्या दिवशी आला: ‘वाक्य चुकलेलं नाही. पण ते या कार्डाचं नाही.’

सोबत एक ध्वनिमुद्रण होतं. त्यांनी ओसरीवर बसलेल्या चार शेजाऱ्यांना ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि विचारलं होतं, उद्या सकाळी तुम्ही काय कराल? मागे कोंबडे आरवत होते. बोंगांनी प्रत्येक उत्तराखाली इंग्रजी लिहून पाठवलं होतं. पहिल्या दोघांचं उत्तर एकच: केंद्रात जाऊ, औषध आणू, घरी ठेवू. तिसरी बाई म्हणाली, ‘मी कशाला जाऊ? मुलीकडे मोटरसायकल आहे, ती आणेल.’

या उत्तरावर मी थांबले. आणायला दुसऱ्याला पाठवता येतं, गिळायला येत नाही. ‘यॉक’ म्हणजे हातात घेणं, मिळवणं, आणणं. ‘आरोग्य केंद्रात यॉक थ्नाम’ म्हणजे सरळ सरळ तिथून औषध घेऊन येणं. देखरेखीखाली गोळी गिळायची हा जो कार्डाचा जीव, तोच वाक्यातून गळाला होता. व्याकरण मात्र बिनचूक.

आणि यंत्रानं उलटं केलेलं भाषांतर बरोबर का आलं? कारण ‘यॉक’ला इंग्रजीत परत ‘टेक’च म्हणतात. ज्या शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत, तो जाताना एक अर्थ घेऊन गेला आणि येताना दुसरा घेऊन आला. दारावरच्या माणसाला दोन्ही वेळा चेहरा तोच दिसला.

मला हे का दिसलं नाही? कारण मराठीत ‘गोळी घे’ बिनदिक्कत चालतं. ‘टेक’ वाचताना डोक्यात ‘घेणे’ उमटलं, ‘यॉक’चा अर्थ विचारला तेव्हाही ‘घेणे’ कळलं, आणि गोळाबेरीज जुळली. तेच त्या कार्डावर ‘टेक अ टेस्ट’ असतं तर मी दचकले असते, कारण आपण परीक्षा घेत नाही, देतो. आपली भाषा इंग्रजीशी जिथे भांडते तिथे ती आपल्याला जागं ठेवते. जिथे दोघी गळ्यात गळा घालतात, तिथे आपण झोपतो.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. काही न सांगता विचारलं, ‘रोज दवाखान्यात जाऊन औषध घ्या, असं कुणी सांगितलं तर काय करशील?’

‘घ्यायचं म्हणजे आणायचं की खायचं?’ आई म्हणाली. ‘नीट विचारून घे हं त्या डॉक्टरांना.’

म्हणजे मराठीतही तोच घोळ होता. ‘मेडिकलमधून औषध घे’ म्हणजे विकत घे, ‘जेवल्यावर औषध घे’ म्हणजे पोटात घे. आपण ‘-तून’ आणि ‘-त’ यांवरून, वेळेवरून, समोरच्याच्या सुरावरून ते सोडवतो आणि सोडवल्याचं लक्षातही येत नाही.

समोर असलेले पर्याय

छपाईला आठ दिवस होते. सहा कार्डांचं ध्वनिमुद्रण आधीच झालं होतं.

ग्राहकाकडच्या समन्वयकाचं म्हणणं होतं, सातवं कार्ड दुरुस्त करा आणि पुढे चला. स्वस्त आणि जलद. पण ‘टेक’ चोवीस कार्डांवर त्रेचाळीस ठिकाणी होता, आणि बाकीच्या बेचाळिसांतलं काय बरोबर आणि काय चूक, हे आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

आमच्या सरांनी सूचीतच बदल सुचवला: ‘यॉक’च्या जागी ‘लेप’. हा शब्द मला पहिल्यांदा कळला तेव्हा गंमत वाटली. मराठीत लेप अंगावर लावतात. ख्मेरमध्ये ‘लेप’ म्हणजे गिळणं, आणि गोळ्या घेण्याला ‘लेप थ्नाम’ हाच रोजचा शब्दप्रयोग आहे. मलम चोपडण्याला जवळजवळ तसाच वाजणारा वेगळा शब्द आहे. सरांचा मुद्दा सोपा होता. आरोग्याच्या कार्डावर ‘टेक’ म्हणजे बहुतेक गोळीच असणार. सगळीकडे बदल मारा, अर्ध्या तासाचं काम.

मला स्वतःला इंग्रजीच सुधारून घ्यावंसं वाटत होतं. ‘टेक’ काढून टाका, त्याच्या जागी गिळा, आणा, न्या, मोजा असं जे असेल ते स्पष्ट लिहा. दुखणं मुळातून गेलं असतं. ग्राहकानं नकार दिला. इंग्रजी मजकूर समितीनं संमत केलेला, शिवाय इतर भाषांचं काम त्याच मजकुरावर चालू. कारण पटण्यासारखं होतं, तरी मी तेव्हा जरा जास्त सहज माघार घेतली असं आज वाटतं.

उरला चौथा मार्ग: त्रेचाळीस वाक्यं एकेक करून अर्थानुसार वेगळी करायची आणि प्रत्येक अर्थाला ख्मेर शब्द ठरवायचा. वेळखाऊ. म्हणून सगळ्यांना नकोसा, मलाही.

काय केलं

आधी चूक केली. घाईत सरांचा पर्याय स्वीकारला. औषधाचा उल्लेख असलेल्या वाक्यांपुरता, असं स्वतःला समजावून ‘यॉक थ्नाम’ असेल तिथे ‘लेप थ्नाम’ करून टाकलं. सतरा वाक्यं बदलली. सॉफ्टवेअर खूश.

दुसऱ्या दिवशी भाषांतरकाराचा निरोप आला. पहिल्यांदाच त्यानं आपणहून काही म्हटलं होतं: ‘कृपया एकोणिसावं कार्ड पाहा.’ एवढंच.

एकोणिसावं कार्ड थायलंडला कामाला जाणाऱ्यांसाठी होतं. कंबोडियातून मजुरीसाठी सीमेपलीकडे जाणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि उपचार अर्ध्यावर तुटायचं ते एक कारण. मूळ वाक्याचा अर्थ: ‘कामासाठी थायलंडला जाताना पुरेसं औषध बरोबर घ्या.’ माझ्या बदलानंतर ते झालं होतं: थायलंडला जाताना पुरेसं औषध गिळा. पहिल्या चुकीत माणूस घरी जाऊन गोळी खाईल किंवा विसरेल, एवढंच झालं असतं. या चुकीत एखाद्यानं महिन्याच्या गोळ्या बसमध्ये चढण्याआधी पोटात घातल्या असत्या.

सगळे बदल मागे घेतले. छपाई पुढे ढकलायला सांगितली, त्यावर बोलणीही खाल्ली.

मग त्रेचाळीस वाक्यं कागदावर छापली, कात्रीनं पट्ट्या केल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसरल्या. पडद्यावर हे काम होत नाही, निदान माझ्याच्यानं होत नाही. प्रत्येक पट्टी उचलायची आणि ‘घेणे’ हा शब्द तोंडात न आणता मराठीत सांगायचं, की माणूस इथे प्रत्यक्ष काय करतो. गिळतो. केंद्रातून आणतो. बरोबर नेतो. आजाऱ्याला घेऊन जातो. ताप मोजतो. पादत्राणं काढतो. मोटरसायकलवर बसून जातो. सहा महिने लागतात. प्रशिक्षणानंतर परीक्षा देतो. रात्री अकरापर्यंत नऊ ढीग झाले आणि मुलांनी सोफ्यावर बसून जेवण केलं.

ढिगांचे फोटो पाठवले. सोबत इंग्रजी वाक्यं आणि प्रत्येक ढिगासाठी एक हातानं काढलेलं चित्र, कारण अर्थ सांगायला पुन्हा इंग्रजी शब्द वापरला की घोळ पुन्हा सुरू. बात्तम्बांग आणि ताकेओ यांच्यात दोन दिवस चर्चा झाली. माझे नऊ ढीग तिकडे तसेच राहिले नाहीत.

आणणं आणि नेणं यांचे दोन ढीग त्यांनी एक केले. दोन्हीकडे ‘यॉक’च, फक्त मागे ‘मॉक’ म्हणजे ये किंवा ‘तऊ’ म्हणजे जा लावायचं. यॉक मॉक, यॉक तऊ. घेऊन ये, घेऊन जा! इथे आपली आणि त्यांची मांडणी इतकी सारखी, की इंग्रजीच मध्ये उपरी वाटते.

उलट आजाऱ्याला नेण्याच्या ढिगावर बोंगांनी स्पष्ट लिहिलं, की माणसाला ‘यॉक’ लावू नका. त्याला ‘नोआम’, म्हणजे सोबत करून नेणं. वस्तूसारखं उचलून नेल्याचा वास तर येतोच, शिवाय ‘यॉक’पुढे बायको किंवा नवरा आला की त्याचा अर्थ लग्न करणं असाही होतो. ‘नवऱ्याला आरोग्य केंद्रात घेऊन या’ या वाक्यावर गावात पुढचा आठवडाभर विनोद झाले असते.

गिळण्याचा ढीग फुटला. मोठ्यांच्या गोळीला ‘लेप’. लहान मुलांच्या गोळ्या पाण्यात विरघळवून देतात, तिथे पिण्याचं क्रियापद. ताप मोजायला ‘वोआह’, मोजण्याचा साधा शब्द. पादत्राणं काढायला ‘दॉह’. मोटरसायकलवर बसून जायला ‘चिह’. परीक्षेला ‘प्रॉलॉंग’ हे स्वतंत्र क्रियापदच आहे, घेणं नाही आणि देणंही नाही. वेळ लागण्याला बोलण्यात ‘सी’ वापरतात, म्हणजे खाणं, पण जरा रांगडा शब्द. वेळ खातो, गाडी पेट्रोल खाते, तसंच. मला तो फार आवडला, पण बोंगांनी छापील कार्डासाठी नापसंत केला आणि ‘वापरणे’ या अर्थाचं क्रियापद घातलं. त्यांचं बरोबर होतं. कार्ड वाचणारी स्वयंसेविका आजोबांसमोर बसलेली असणार.

थुंकीचा नमुना घेण्याच्या वाक्यांत मात्र ‘यॉक’ जसाच्या तसा राहिला. तिथे तो चपखल होता. शब्द चुकीचा नव्हताच कधी. त्याला सगळीकडे कामाला लावलं होतं.

काय निष्पन्न झालं

छपाई अकरा दिवस उशिरा झाली. दोन कार्डांचं ध्वनिमुद्रण पुन्हा करावं लागलं आणि तो खर्च आमच्या अंगावर आला. सूचीतली ‘टेक’ची ओळ काढून टाकली. त्याऐवजी वेगळं पान जोडलं, ज्यात सुटे शब्द नाहीत, पूर्ण वाक्यं आहेत आणि त्यांच्यासमोर ख्मेर.

बोंगांनी सातवं कार्ड त्याच चौघांना पुन्हा वाचून दाखवलं. आता तिघं म्हणाले, तिथे जाऊन गिळू. मुलीला पाठवणाऱ्या बाईनं विचारलं, ‘पाणी तिथे मिळेल की घरून न्यायचं?’ हा प्रश्न ना इंग्रजी लिहिणाऱ्या समितीला सुचला होता, ना आम्हाला. ग्राहकानं कार्डावर पाण्याची एक ओळ वाढवली. समितीनं संमत केलेला मजकूर बदलता येत नाही म्हणणाऱ्यांनीच वाढवली, हे नोंदवून ठेवते.

वेगळं काय करता आलं असतं

सूची स्वीकारताना पहिला प्रश्न विचारायला हवा होता: यातले किती शब्द वस्तूंची नावं आहेत आणि किती क्रियापदं? ‘फुप्फुस’पुढे एक शब्द चालतो. ‘टेक’, ‘गेट’, ‘रन’ यांच्यापुढे एकच शब्द असणं हीच धोक्याची खूण. चाळिसातली अकरा क्रियापदं होती. मी ती तेव्हा मोजलीच नाहीत.

यंत्राकडून उलटं भाषांतर करून घेणं पूर्ण निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. गाळलेलं वाक्य, उलटसुलट झालेला आकडा त्यात सापडतो. पण अनेकार्थी शब्दाला ते पकडू शकत नाही. ओसरीवरच्या एका प्रश्नानं जे कळलं, त्याला पंधरा मिनिटं लागली होती. ती पहिल्याच दिवशी काढता आली असती.

सगळ्यात जास्त मला भाषांतरकाराच्या गप्प बसण्याचं लागलं. काम संपल्यावर मी त्याला विचारलं, तुला सातव्या कार्डावर खटकलं नव्हतं का? खटकलं होतं. त्यानं पहिल्या दिवशी ‘लेप’च लिहिलं होतं. ओळ लाल झाली. त्यानं पुसून पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा लाल. आमच्या पद्धतीत लाल ओळी चुका म्हणून मोजल्या जातात आणि त्यावर पुढचं काम मिळणं ठरतं. तिसऱ्यांदा त्यानं ‘यॉक’ लिहिलं. मातृभाषेत बरोबर लिहिणाऱ्या माणसाला आम्ही दोनदा चूक ठरवलं आणि मग त्याच्याकडून हवी ती चूक करून घेतली. त्यात वयानं मोठ्या बोंग, पैसे देणारा ग्राहक आणि परदेशातली मी. तो बोलणार कुणाशी?

आता लाल ओळीशेजारी एक रकाना आहे. सूचीबाहेरचा शब्द वापरायचा असेल तर कारण लिहायचं. लिहिलं की ती चूक धरली जात नाही. फार थोर सुधारणा नाही, आणि बरेच जण तो रकाना रिकामाच सोडतात.

पुढच्या कामात त्यानं त्यात लिहिलेली पहिली नोंद अशी होती: ‘हे कार्ड पॅगोडात होणाऱ्या बैठकीत वाचणार का? भिक्षू खातात-पितात त्याला वेगळा शब्द आहे, छान. आजारी भिक्षू असेल तर त्याला लेप म्हणायचं का?’

‘छान’ हा शब्द वाचून मी आधी हसले. मग ग्राहकाला विचारलं. ग्राहकानं बोंगांना विचारलं. बोंगांनी गावातल्या पॅगोडात जाऊन विचारलं. उत्तर यायला दोन दिवस लागले: छापील कार्डावर ‘लेप’ राहू द्या, आणि समोर भिक्षू असतील तर वाचताना शब्द बदला, अशी टीप स्वयंसेवकाच्या पानावर घाला.